सरवा, चुरा आणि कॅशबॅक

अभ्यासासाठी शास्त्रभाग : रूथ, अध्याय 2, योहान 6:1-13, मत्तय 23:23



कोल्हापूर, निपाणी किंवा बेळगाव येथून रात्रीच्या बसने निघालेला मनुष्य पहाटे बेंगळुरू शहरात शिरतो तो तुमकूर रस्त्याने. डोळ्यांवरची झोप पुरती उडालेली नसते, तोच दुतर्फा कारखान्यांची पत्र्याची छपरे आणि डोक्यावरून जाणारा मेट्रोचा पूल दिसू लागतो. हेच पीण्या औद्योगिक क्षेत्र. 1970 च्या दशकात वसविलेले हे क्षेत्र आशिया खंडातील मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये गणले जाते. येथे यंत्रांचे सुटे भाग कातले जातात, साचे घडतात, भागांवर मुलामा व रंग चढविला जातो, आणि शिवणयंत्रांच्या लांबच लांब रांगांवर स्त्रिया तयार कपडे शिवतात. कारखाने बहुतेक लहान आहेत; एका गाळ्यात चारसहा यंत्रे आणि दहापंधरा माणसे, असा संसार.

समजा, तुमच्या घरचा मुलगा, भाचा किंवा जावई अशाच एखाद्या गाळ्यात टर्नर आहे. खोलीचे भाडे, खाणावळ, जाण्यायेण्याचा खर्च आणि गावी धाडायचे पैसे वजा जाता त्याच्या हाती फार थोडे उरते. अशा मनुष्याला महिन्याकाठी दोनशे रुपये जादा सुटले, तर ती थट्टेची गोष्ट नव्हे. आईच्या औषधाची एक चिठ्ठी तेवढ्यात निघते. म्हणून या पाठासाठी आपण एक साधा, काहींना क्षुल्लक वाटेल असा विषय घेत आहोत : रोजच्या खर्चावर मिळणारी सूट, परतावा, गुण आणि बक्षिसे, ज्यांना आता लहानथोर सगळेच 'कॅशबॅक' म्हणतात. मंडळीत मोठ्या पैशाविषयी पुष्कळ बोलले जाते. कर्ज, हुंडा, दशमांश यांवर उपदेश होतात. चिल्लरीविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि गरिबाचा व्यवहार तर बहुतांशी चिल्लरीतच चालतो.

प्रथम त्या टर्नरच्या यंत्राकडेच पाहू. लेथवर लोखंडाची किंवा पितळेची कांब फिरत असते आणि हत्याराखालून धातूची वेटोळी निघून खाली पडत असतात. हा चुरा कोणी फेकून देत नाही. तो गोळा होतो, तोलला जातो, भंगारवाल्याला विकला जातो. पितळेचा चुरा लोखंडाच्या चुऱ्यात मिसळू नये म्हणून समंजस मालक दक्ष असतो, कारण पितळेला लोखंडाहून कितीतरी अधिक भाव मिळतो आणि मिसळ झाली की तो हातचा जातो. पण चुरा विकता यावा म्हणून कोणी लेथ चालवीत नाही. काम एखाद्या भागाचे असते. चुरा त्या कामातून आपोआप निघतो. अधिक चुरा मिळावा म्हणून जो टर्नर कांब जास्त कातील, त्याचा भागही गेला आणि नोकरीही.

कॅशबॅकचे अगदी असेच आहे. जो खर्च आपण केलाच असता, त्यातून दोन रुपये परत आले तर तो चुरा आहे, वेचून ठेवावा. जो खर्च केवळ परताव्याच्या आशेने झाला, तेथे कांबच वाया गेली.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. 1 मार्च 2014 रोजी बेंगळुरूच्या हिरव्या मार्गिकेवरील मेट्रो पीण्या इंडस्ट्री स्थानकापर्यंत धावू लागली. 9 फेब्रुवारी 2025 पासून तिचे भाडे बरेच वाढले आणि त्यावरून शहरात मोठी ओरड झाली. त्याच दरपत्रकात एक गोष्ट होती, तिच्याकडे त्या गदारोळात पुष्कळांचे लक्ष गेले नाही. स्मार्ट कार्डाने प्रवास करणाऱ्याची 5 टक्के सूट कायम राहिली आणि कमी गर्दीच्या वेळी आणखी 5 टक्के सूट ठरली. ही वेळ म्हणजे सकाळी 8 च्या आत, दुपारी 12 ते 4, आणि रात्री 9 नंतर. रविवारी व राष्ट्रीय सणांच्या तीन दिवशी दिवसभर 10 टक्के.

आपला टर्नर पहिल्या पाळीला जातो असे धरू. सकाळी 8 च्या आत तो गाडीत बसतो आणि दुपारी 4 च्या आत परततो. तिकीट 40 रुपयांचे असेल, तर जाताना 4 आणि येताना 4, असे दिवसाचे 8 रुपये वाचतात. महिन्याचे 26 दिवस कामाचे धरले तर 208 रुपये. त्याच खोलीत राहणारा त्याचा सोबती सकाळी 9 ला निघून संध्याकाळी 6 ला परतत असेल, तर कार्डावर त्याचे 104 रुपये वाचतात. तिसरा सोबती रोज खिडकीवर उभा राहून रोख तिकीट काढतो. त्याला काहीच नाही. तिघेही तेवढेच अंतर जातात. वर्षाच्या शेवटी पहिल्याजवळ 2,496 रुपये अधिक असतात. आणि त्यासाठी त्याने एकही नवी वस्तू घेतलेली नसते, कोणाचे मन मोडलेले नसते, की कोणत्याही सोडतीकडे डोळे लावलेले नसतात. मात्र कार्डात 90 रुपयांची किमान शिल्लक ठेवावी लागते, आणि महिनाअखेरीस तेवढेही अडकवून ठेवणे काहींना जड जाते, हेही येथे सांगितले पाहिजे.

या जातीचा परतावा जुनाच आहे. 1844 साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी काही विणकर व इतर कारागिरांनी मिळून दुकान काढले. त्यात नफा सभासदांच्या भांडवलावर नव्हे, तर ज्याने जेवढी खरेदी केली त्या मानाने वाटण्याची रीत होती. आपल्याकडे मुंबईच्या नायगाव भागात 1948 साली कामगारांच्या अशाच सहकारी भांडारातून 'अपना बाजार' उभा राहिला. दुकान ग्राहकांचे, म्हणून नफाही ग्राहकांचा. देणारा आणि घेणारा एकच. त्या परताव्यात गळ नव्हता.

आजच्या फोनमधील परताव्याचा देणारा कोण, हा प्रश्न म्हणून विचारावा लागतो. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर सरकारनेच रोकडविरहित व्यवहारांसाठी बक्षीस योजना काढली. ती 25 डिसेंबर 2016 ला सुरू होऊन 14 एप्रिल 2017 ला संपली. रोज हजारो ग्राहकांना प्रत्येकी 1,000 रुपये मिळत, आणि शेवटच्या सोडतीतील 1 कोटी रुपयांचे बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला लागले. तिने काय खरेदी केले होते? काहीच नाही. मोबाइलच्या हप्त्याचे 1,590 रुपये तिने रुपे कार्डाने भरले होते, जे तिला भरायचेच होते. वर्तमानपत्रांनी कोटीची बातमी मोठी छापली. त्या हप्त्याकडे कोणी विशेष पाहिले नाही.

पुढे खासगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. त्यांतील कित्येकींची कचेरी याच बेंगळुरूत आहे, पीण्याच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींत. पैसे पाठवा आणि पडद्यावर नखाने एक चौकोन खरवडा. खाली कधी 3 रुपये, कधी 21, बहुधा 'पुन्हा प्रयत्न करा'. 2019 च्या दिवाळीत गूगल पेने पाच शिक्के जमविणाऱ्यास 251 रुपये देऊ केले. पणती, कंदील, झुमका सहज मिळत. रांगोळीचा शिक्का काही केल्या मिळेना. देशभर सुशिक्षित माणसे नातेवाइकांना, जुन्या मित्रांना, ज्यांच्याशी वर्षभर बोलणे नव्हते अशांनाही, 'रांगोळी आहे काय?' म्हणून विचारीत होती. हसण्याजोगी गोष्ट खरी. पण तेव्हा घराघरांत उंबऱ्यापुढे खरी रांगोळी काढलेली होती, हे आठवले म्हणजे हसू ओसरते.

ही ओढ कशी निर्माण होते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो असे असेल, तर दाणे बंद होताच कबुतर लवकर थांबते. पण दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर ते न थकता टोचत राहते. नेम नसलेला दाणा नेमाच्या दाण्यापेक्षा जास्त बांधून ठेवतो. मेट्रोच्या कार्डावरील 4 रुपये कोणाला रात्री जागे ठेवीत नाहीत. खरवडायचा चौकोन ठेवतो.

काही वाचक विचारतील, हा जुगार झाला काय? माझ्या मते, नाही. येथे आपण काही पणाला लावलेले नसते. तरी हाताला सवय जुगाराचीच लागते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेला ऑगस्ट 2025 मध्ये करावा लागला, तोवर किती घरे पोळली होती हे आपण आपापल्या गावात पाहिले आहे. त्यांतील अनेकांची सुरुवात 'खात्यात फुकट 50 रुपये जमा' अशा बक्षिसानेच झाली होती.

आता त्या देणाऱ्याकडे वळू. यूपीआय व रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला 1 जानेवारी 2020 पासून शुल्क द्यावे लागत नाही. तेव्हा तेथील बक्षीस हा बहुतेक जाहिरातीचा खर्च असतो. तुमच्या खरेदीची माहिती आणि तुमचे लक्ष, या दोन गोष्टी त्यात विकल्या जातात. क्रेडिट कार्डाचे गणित निराळे आहे. तेथे दुकानदाराकडून शुल्क घेतले जाते, त्यातील काही भाग ग्राहकाला परतावा म्हणून मिळतो, आणि दुकानदार ते शुल्क मालाच्या किमतीत धरतो. ही वाढलेली किंमत रोख देणाऱ्यालाही पडते. परतावा मात्र त्याला नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी 2010 साली याचा अंदाज काढला. रोखीने व्यवहार करणारे कुटुंब वर्षाला सरासरी 149 डॉलर जास्त मोजते आणि कार्डवाल्या कुटुंबाला 1,133 डॉलर मिळतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण पाणी कोणत्या बाजूला वाहते ते यावरून कळते. ज्यांच्याजवळ कार्ड आहे, त्यांनी 'कंपनी देते, आपण घेतो' असे म्हणण्यापूर्वी एवढे मनात आणावे.

शिवाय क्रेडिट कार्डाचा परतावा व्याजापुढे टिकत नाही. 5,000 रुपयांच्या खरेदीवर 1 टक्का म्हणजे 50 रुपये मिळतात. ते बिल महिनाभर थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असले, तर 175 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. पन्नास मिळविण्यासाठी दोनशेहून अधिक गेले! हा हिशेब पीण्यातील दहावी पास टर्नरला समजतो. तो पाहायला लावील असा मनुष्य मात्र त्याच्या आसपास सहसा नसतो.

दुकानदाराचाही विचार हवा. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या जमा रकमा पाहून बेंगळुरूतील कितीतरी लहान दुकानदारांना करासाठी नोटिसा धाडल्या. चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या, भाजीच्या गाड्या यांवरील चौकोनी कोड उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. पुढे सरकारने जुन्या वसुलीबाबत मवाळ धोरण घेतले, पण महिनाभर लोक भयभीत होते. अशा वेळी चहावाल्याशी 'फोननेच पैसे घे' म्हणून वाद घालणारा गिऱ्हाईक स्वतःच्या दोन रुपयांच्या चौकोनासाठी तर भांडत नाही ना, हे त्याने स्वतःला विचारावे.

येथवर आलो, तर रूथच्या शेताकडे जाऊ. लेवीय पुस्तकातील नियमशास्त्राने शेतकऱ्याला सांगितले होते की, कापणीच्या वेळी शेताच्या कडा झाडून कापू नयेत आणि गळलेली कणसे परत वेचू नयेत; ती गरिबासाठी व परक्यासाठी सोडावीत. आपल्या खेड्यांत या वेचलेल्या कणसांना 'सरवा' म्हणतात. नामी विधवा, सून विधवा आणि परदेशी. घरात पुरुषमाणूस नाही. रूथ सरवा वेचायला गेली, दिवसभर वाकून वेचत राहिली, आणि संध्याकाळी झोडून पाहिले तर सुमारे एक एफा सातू भरले. तिला लाज वाटली नाही, आणि पवित्र शास्त्रानेही तिला कमी लेखले नाही. थोडे वेचणे हे हलके काम नव्हे. पाच भाकरींचे भोजन झाल्यावर प्रभूनेही उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाती एवढे सामर्थ्य होते, त्यालाही तुकडा वाया जाऊ द्यावयाचा नव्हता.

परंतु येथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. बवाजाने आपल्या गड्यांना रूथसाठी मुद्दाम काही कणसे गाळावयास सांगितले, तेव्हा त्यात त्याचा काही डाव नव्हता. तिने उद्या अधिक पीक विकत घ्यावे म्हणून तो कणसे सांडीत नव्हता. पारधीही दाणे सांडतो. दाणे दोन्हीकडे तेच असतात; दाण्यांखाली जाळे आहे की जमीन, एवढाच फरक. हाताने चाचपल्याशिवाय तो कळत नाही.

जाळ्याचे सर्वांत भयंकर उदाहरण पीण्यासारख्या वसाहतींत पसरले आहे, आणि ते आपल्या घरच्या मुलांपर्यंत पोहोचले आहे. फोनवर निरोप येतो : घरबसल्या चित्रफितींना पसंती द्या, हॉटेलांना तारे द्या, दिवसाला काही रुपये मिळवा. पहिल्या दिवशी 150 रुपये खरोखरच खात्यात येतात. हेच त्या फसवणुकीचे मर्म! मग 'मोठे काम' मिळण्यासाठी 1,000 भरा, मग 5,000, आणि भरलेले परत मिळण्यासाठी आणखी 10,000. दुसरी तऱ्हा अशी की, 'तुम्हाला 2,000 रुपयांचा कॅशबॅक लागला आहे, कोड स्कॅन करून पिन घाला' असे सांगतात. वाचकहो, हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः म्हाताऱ्यांना, सांगून ठेवा : यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. चूक झालीच तर लाजेने गप्प न राहता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे; पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याची शक्यता अधिक असते. अनेक जण घरी बोलणी खावी लागतील म्हणून दोन दिवस गप्प राहतात आणि त्या दोन दिवसांतच पैसा हातातून जातो.

आता एक लहान शंका, जी काही मंडळींना खरोखर पडते : कॅशबॅकचा दशमांश द्यावा काय? प्रभूने पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश मोजणाऱ्यांना काय सुनावले ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात वाचावे. त्याने तो दशमांश चुकीचा म्हटला नाही. न्याय व दया सोडून केवळ जिरे मोजण्यात धर्म मानणे चुकीचे म्हटले. 208 रुपयांचे 20 रुपये 80 पैसे काढून ठेवणाऱ्याला हसू नये. पण रोख देणाऱ्या भाजीवालीशी त्याच मनुष्याने दोन रुपयांसाठी घासाघीस केली, तर त्या जिऱ्याची आठवण त्याला द्यावी.

वेचलेले मोजून वेगळे ठेवणे, एवढे काम उरते. फोनच्या पाकिटात पडून राहिलेला परतावा पुढच्या खरेदीतच विरून जातो. कित्येक गुणांना तर मुदत असते आणि ती संपली की ते नाहीसे होतात. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला किमान 100 रुपयांपासून भरता येते. आपल्या टर्नरने मेट्रोचे वाचलेले 200 रुपये दरमहा तेथे भरले, तर 12,000 रुपये भरून होतात आणि 6.7 टक्के दराने पाच वर्षांनी सुमारे 14,270 रुपये हाती येतात. एवढ्यात बहिणीच्या परिचारिका शिक्षणाच्या वेळी थोडा तरी हातभार लागेल. ही सारी रक्कम चुऱ्यातून उभी राहिलेली असेल.

आणि हिशेब ठेवताना नामीची रीत धरावी. रूथ धान्य घेऊन घरी आली, तेव्हा सासूने तिला आधी 'किती' असे विचारले नाही. आज कोठे वेचलेस, कोणाच्या शेतात काम केलेस, असे विचारले. रविवारी उपासनेनंतर मुलाचा फोन येतो, तेव्हा त्याला तोच प्रश्न प्रेमाने विचारा. मेट्रोचे 208, तो सांगेल. वाण्याच्या दुकानातील सवलतीचे 30, तेही सांगेल. आणि 150 रुपये असे असतील की ते कोठून आले हे त्याला धड सांगता येणार नाही, तर बाकीच्या गोष्टी बाजूला ठेवून त्या 150 रुपयांविषयी त्याच दिवशी बोला.